पंडिता रमाबाई आणि मुक्तिसदनांतील आंधळ्या मुली

सोलापुराहून पुण्यास जाणाऱ्या आगगाडींत बसलें म्हणजे कुर्डुवाडी, भिगवण, दौंड हीं स्टेशनें मागें पडतात आणि पाटसनंतर केडगांव नांवाचें एक लहानसें स्टेशन लागतें. बहुतेक जलद गाड्या तेथें थांबत नाहींत. त्यामुळें आपल्यापैकीं पुष्कळांनीं तें नांव धांवत्या गाडींतून ओझरतेंच वाचलें असेल. या गांवच्या माळावर पंडिता रमाबाईंनीं ‘मुक्ति’ नांवाची वसाहत उभारली. त्यांच्या विद्वत्तेची, विधवांसाठीं त्यांनीं केलेल्या खटपटीची आणि त्यांच्या धर्मांतराची हकीकत पुस्तकांतून वारंवार येते. परंतु त्याच आवारांत डोळस मुलींच्या शेजारीं आंधळ्या मुलीही राहत, शिकत आणि काम करीत, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं. खुद्द रमाबाईंस नीट ऐकूं येत नसे, हेंही थोड्यांसच ठाऊक असतें. या दोन गोष्टी ध्यानांत ठेवून त्यांचें चरित्र वाचलें तर तें कांहीं निराळेंच दिसूं लागतें; म्हणून येथें तें त्या अंगानें सांगण्याचें योजिलें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या कर्नाटकांतील रानांत, गंगामूळ या ठिकाणीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृतज्ञ. स्त्रियांनीं संस्कृत शिकूं नये असा त्या काळचा दंडक असतां त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती विद्या शिकविली आणि त्यापायीं विद्वानांचा रोष पत्करला. पुढें घराण्याची संपत्ति ओसरली व कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. रमा तेव्हां अवघ्या कांहीं महिन्यांची होती. तिला वेताच्या पेटाऱ्यांत घालून नेत असत. तिचें शिक्षण झालें तें वाटेंतच. वडील वृद्ध झाले होते, म्हणून आईच तिची गुरु झाली. भल्या पहांटे, पांखरें जागीं होण्यापूर्वीं, आई तिला जवळ घेऊन श्लोक सांगे आणि ती ते ऐकून म्हणे. पाटी नाहीं, पुस्तक नाहीं, दिवाही नाहीं. भागवताचे हजारों श्लोक तिनें अशा रीतीनें मुखोद्गत केले. ज्ञान कानांतून येतें हा तिच्या बालपणचा अनुभव होता, आणि नेमका तोच कान पुढें तिला दगा देणार होता.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. होतें नव्हतें तें विकून झालें, अंगावरचे दागिने गेले, भांडीं गेलीं, आणि शेवटीं कुटुंब झाडपाल्यावर येऊन ठेपलें. अनंतशास्त्र्यांची दृष्टि तोंपर्यंत पार गेली होती. रानावनांतून त्या आंधळ्या म्हाताऱ्याला बायकामुलांनीं हात धरून नेलें. मरणकाळीं त्यांस लेकीचा चेहरा दिसला नाहीं. त्यांनीं तिला पोटाशीं धरलें आणि तिच्या मस्तकावरून व गालांवरून हात फिरवून तिला निरोपाचे दोन शब्द सांगितले. बोटांनीं पाहतां येतें, हें रमेला तेथें प्रथम कळलें असावें.

वडिलांमागून थोड्याच आठवड्यांत आईही गेली. परक्या मुलुखांत प्रेत उचलावयास माणूस मिळेना, आणि स्मशान तर तीन मैलांवर. अखेर दोन ब्राह्मणांस दया आली. तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी सोळा वर्षांची रमा. ती ठेंगणी होती. तिचा खांदा इतरांच्या खांद्यांच्या पातळीस येईना. तेव्हां तिनें आपल्या वांट्याचा भार डोक्यावर घेतला आणि ते चौघे तीन मैल चालत गेले. ही गोष्ट मी पहिल्यानें वाचली तेव्हां तिच्यांतील दुःखानेंच मन भरून गेलें. पुढें दुसऱ्यांदा वाचतांना तिच्यांतील युक्ति ध्यानांत आली. चौघांची उंची सारखी नव्हती, म्हणून तिरडी अडून राहिली नाहीं. ज्याला खांद्यावर घेणें साधलें त्यानें खांद्यावर घेतलें. जिला साधलें नाहीं तिनें डोक्यावर घेतलें.

त्यानंतर मोठी बहीणही वारली आणि भाऊबहीण दोघेंच उरलीं. हजारों मैलांची पायपीट करीत तीं काश्मीरपर्यंत गेलीं. झेलमच्या कांठीं थंडीच्या रात्रीं पांघरूण नसे. वाळूंत दोन खड्डे करावे, त्यांत निजावें, आणि डोकें तेवढें बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घ्यावी, असे दिवस त्यांनीं काढले. १८७८ मध्यें तीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील पंडितांनीं या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० त भाऊ वारला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं विवाह केला. जात निराळी, भाषा निराळी. १८८१ त कन्या मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीनें पति गेले. चोविसाव्या वर्षाच्या आंतच रमाबाई विधवा झाल्या, आणि तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यास आल्या.

पुण्यास त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. हिंदुस्थानांतील स्त्रियांस स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे हें त्यांनीं हंटर कमिशनपुढें सांगितलें. नुसतें सांगून त्या थांबल्या नाहींत. स्वतः वैद्यकी शिकावी या हेतूनें १८८३ त त्या इंग्लंडास गेल्या. तेथें वाँटेज येथील भगिनीमंडळापाशीं त्या राहिल्या आणि त्याच वर्षीं त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. परंतु वैद्यकीचा बेत फसला. कान मंद झाले होते. व्याख्यान ऐकणें, रोग्याच्या छातीचा ठोका ऐकणें, हें त्यांस साधणारें नव्हतें. ज्या कामासाठीं समुद्र ओलांडला तेंच हातांतून निसटलें. त्या वेळीं त्यांच्या मनाची स्थिति काय झाली असेल हें, ज्याच्या अंगांत कांहीं उणीव आहे त्यालाच पुरतें समजेल. आपण बाकीचे फक्त तर्क करूं शकतों.

मात्र रमाबाई रडत बसल्या नाहींत. चेल्टनहॅम येथील लेडीज कॉलेजांत डोरोथिया बील या विख्यात मुख्याध्यापिकेच्या हाताखालीं त्या गणित, शास्त्रें आणि इंग्रजी शिकल्या आणि तेथील मुलींस संस्कृत शिकवूं लागल्या. ज्या वर्गांत स्वतः ऐकावयास कठीण जाई त्याच वर्गांत दुसऱ्यास शिकवावयाचें, ही देवघेव मला मोठी बोधप्रद वाटते. जें आपल्याला येत नाहीं तें दुसऱ्याकडून घ्यावें आणि जें येतें तें त्याला द्यावें. या व्यवहारांत भीक कोणी मागत नाहीं आणि दान कोणी करीत नाहीं.

१८८६ त त्या अमेरिकेस गेल्या. ११ मार्च रोजीं फिलाडेल्फियांत आनंदीबाई जोशी यांस डॉक्टरीची पदवी मिळाली, त्या समारंभास रमाबाई हजर होत्या. आपल्याला जें साधलें नाहीं तें आपल्याच मुलुखांतील एका मुलीला साधलेलें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. बरोबर तीन वर्षांनीं, ११ मार्च १८८९ या दिवशीं, त्यांनीं मुंबईंत ‘शारदा सदन’ उघडलें. ही तारीख मुद्दाम निवडली कीं योगायोगानें आली तें असो. मला ती आवडते.

अमेरिकेंतील मुक्कामांत त्यांनीं आणखी एक विद्या संपादिली, आणि आपल्या विषयास तिचा निकटचा संबंध आहे. ती फ्रोबेलची बालोद्यान पद्धति. फ्रोबेल या जर्मन शिक्षकाचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मूल हातांनीं शिकतें आणि एकमेकांबरोबर खेळून शिकतें. चेंडू, लाकडी ठोकळे, दंडगोल हीं त्याचीं साधनें. मुलांनीं रिंगण धरून गाणीं म्हणावीं, मातीचें काम करावें, कागद विणावे. आपल्याकडे त्या काळीं मुलाची जीभ तेवढी शिकत असे. जेथें हात शिकतात तेथें न बघणारें मूल मागें राहत नाहीं. ठोकळ्याची कड डोळे मिटूनही कळते. आणि रिंगणांत तर दोन्ही हात शेजाऱ्यांच्या हातांत असतात, तेथें डोळ्यांवांचून कांहीं अडत नाहीं.

शारदा सदन १८९० त पुण्यास हलविलें. पहिल्या विद्यार्थिनींपैकीं गोदूबाई या पुढें धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. १८९३ त धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठें वादळ उठलें, सल्लागार मंडळींनीं राजीनामे दिले आणि कांहीं पालकांनीं मुली काढून नेल्या. त्या वादांत दोन्ही बाजूंस प्रामाणिक माणसें होतीं; येथें त्याचा निवाडा करण्याचें प्रयोजन नाहीं.

खरी कसोटी लागली ती १८९६-९७ च्या दुष्काळांत. या दुष्काळाची झळ आपल्या सोलापूर जिल्ह्यासही चांगलीच लागली होती. वडीलधाऱ्यांच्या तोंडून त्याच्या कथा अनेक घरांत पुढें चालत आल्या. रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या आणि बेवारस मुली व विधवा यांस घेऊन आल्या. तीनशेंच्या घरांत ही संख्या गेली. पुण्यांत तेव्हां प्लेग शिरला होता. शहरांत एवढी माणसें ठेवण्याची सोय नव्हती. केडगांवीं थोडी जमीन आधींच घेऊन ठेवलेली होती. तेथें झोपड्या उभ्या राहिल्या आणि मुक्तीचा आरंभ झाला. १९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला तेव्हां रमाबाईंनीं आपल्याच हाताखालीं तयार झालेल्या स्त्रियांस तिकडे पाठविलें. त्या सुमारास मुक्तींत दोन हजारांच्या आसपास माणसें झालीं.

दुष्काळांतून आलेल्या मुलींची स्थिति वर्णन करण्यासारखी नसे. हाडांचे सांपळे, अंगावर खरूज व फोड, मनांत भय. शारदा सदनांतील जुन्या मुलींनीं त्यांस न्हाऊं घातलें, जखमा धुतल्या, भरविलें. त्यांत आंधळ्या मुलीही होत्या. याचें कारण आज आपल्याला नीट ठाऊक आहे. ज्या मुलाला महिनोन् महिने भाजीपाला, दूध मिळत नाहीं त्याच्या शरीरांत ‘अ’ जीवनसत्त्व उरत नाहीं. प्रथम रात्रीं दिसेनासें होतें, मग बुबुळ कोरडें पडून विरघळतें. देवीच्या रोगानेंही तेव्हां अनेकांचे डोळे जात. देवी १९८० त जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. त्या काळीं मात्र ती घरोघर होती. म्हणजे या मुली जन्मांध होत्या असें नव्हे. पुष्कळींनीं जग पाहिलेलें होतें आणि तें हरवलेलें होतें.

आतां प्रश्न असा होता कीं, या मुलींचें करावयाचें काय? दोन वाटा सोप्या होत्या. एक, त्यांस कोपऱ्यांत बसवून जेवूं घालावें. दुसरी, आंधळा म्हणजे भिक्षेचाच धनी असें मानून सोडून द्यावें. गांवोगांव हेंच चालत असे. हिंदुस्थानांत अंधांची पहिली शाळा १८८७ त अमृतसर येथें ॲनी शार्प यांनीं काढली आणि मुंबईंत १९०० सालीं ॲना मिलार्ड यांनीं. एवढ्या मोठ्या देशांत अशा शाळा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. रमाबाईंनीं तिसरी वाट धरली. मुक्तींत आंधळ्या मुलींसाठीं एक सदन झालें. शुभवर्तमानांतील बार्तीमय या आंधळ्याच्या नांवावरून त्यास बार्तिमी सदन म्हणत. परंतु तें सदन इतर सदनांच्याच आवारांत होतें. प्रार्थना एका मंदिरांत, आणि काम करण्याचा नियम सगळ्यांस सारखाच. मुक्तींत रिकामें कोणी बसत नसे. शेती, विहिरी, गाईगुरें, तेलाचा घाणा, माग, धुलाई, छापखाना, सर्व मुली व स्त्रियाच चालवीत. आंधळ्या मुली वेताचें विणकाम शिकल्या आणि ब्रेल लिपि शिकल्या.

ही ब्रेल लिपि ज्यानें शोधिली त्याचीही गोष्ट सांगण्याजोगी आहे. लुई ब्रेल हा फ्रान्समधील एका खोगीर करणाऱ्याचा मुलगा. जन्म १८०९. तिसऱ्या वर्षीं बापाच्या दुकानांत आरीशीं खेळतांना डोळ्याला इजा झाली आणि पुढें दोन्ही डोळे गेले. गांवच्या साध्या शाळेंत डोळस मुलांच्या बाकावर बसून तो प्रथम शिकला, मग पॅरिसच्या अंधशाळेंत गेला. सहा टिंबें, तीनतीनच्या दोन उभ्या ओळी. त्यांच्या जुळणीनें त्रेसष्ट चिन्हें होतात आणि तेवढ्यांत सगळीं अक्षरें बसतात. लिहितांना कागदावर टोंचणीनें उजवीकडून डावीकडे टिंबें पाडावयाचीं आणि कागद उलटून उंचवटे डावीकडून उजवीकडे बोटांनीं वाचावयाचे. हिंदी भाषांसाठीं एकच भारती ब्रेल १९५१ पासून ठरली; रमाबाईंच्या काळीं निरनिराळ्या शाळांत निरनिराळे संकेत चालत. मुक्तींत हें काम मनोरमाबाईंनीं अंगावर घेतलें. त्या अमेरिकेंत शिकून आल्या होत्या. आपले डोळे शाबूत असतां त्यांनीं बोटांनीं वाचण्याची लिपि शिकून घेतली आणि आंधळ्या मुलींस ती शिकविली. आजोबांनीं बोटांनीं आईचा चेहरा पाहिला होता. नातीनें बोटांनीं अक्षर पाहावयास शिकविलें.

डोळस आणि आंधळ्या मुलींस एकत्र वागावयास शिकविणें हें वाटतें तितकें सोपें नाहीं. ज्यांच्या वर्गांत असा एखादा सोबती आहे त्यांस हें ठाऊकच असेल. पहिल्या दिवशीं सगळेच दया करतात: ताट आणून देतात, हात धरून ओढीत नेतात, त्याचें उत्तरही आपणच देतात. आठ दिवसांनीं दया आटते आणि तो एकटा पडतो. दोन्हींत चूक एकच. त्याच्याकडून आपल्याला कांहीं मिळावयाचें आहे, हें कोणाच्या ध्यानांतच आलेलें नसतें. आंधळ्या सोबत्यास ओढूं नये. त्याला आपल्या कोपराशीं हात धरूं द्यावा आणि आपण अर्धें पाऊल पुढें चालावें, म्हणजे पायरी कोठें आली हें त्याला आपल्या अंगाच्या हालचालीवरून कळतें. वस्तु जेथून घेतली तेथेंच ठेवावी. तांब्या हातभर जरी सरकला तरी त्याची घटकाभर शोधाशोध होते. बहिऱ्याशीं बोलतांना पाठीमागून ओरडूं नये, उजेडांत समोर येऊन सावकाश बोलावें. आणि त्यांच्यावरही काम सोंपवावें. जात्याला डोळे लागत नाहींत; दोघी समोरासमोर बसल्या कीं खुंटा फिरतो, आणि त्यांतली डोळस कोण हें पिठावरून ओळखतां येत नाहीं. आपल्या सोलापुरांत पूर्वीं हातमागाच्या घरीं हेंच चाले. बाप मागावर, आई ताण्यापाशीं, आणि नजर मंदावलेली आजी कांड्या भरीत बसलेली. तिची कांडी संपली म्हणजे मागाचा धोटा थांबे.

२०१६ च्या कायद्यानें अपंग मुलांस साध्या शाळेंत इतरांबरोबर शिकण्याचा हक्क दिला आहे. कायद्यानें शाळेचें दार उघडतें; डबा खातांना बाकावर जागा कोणी करून द्यावयाची, तें मात्र बाकावर बसलेल्यांकडेच राहतें. मुक्तींत असा कायदा नव्हता. तेथें मुख्य बाईच ऐकूं न येणारी होती, आणि तिच्याशीं बोलावयाचें तर प्रत्येकीला समोर येऊनच बोलावें लागत असे. धडा तेथेंच मिळे.

उतारवयांत रमाबाईंचा बहिरेपणा वाढत गेला. बाहेरचें जग दूर जाऊं लागलें तेव्हां त्यांनीं संपूर्ण बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर करण्याचें काम हातीं घेतलें. त्यासाठीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. या कामास कानांची गरज नव्हती. डोळे, हात आणि चिकाटी पुरे होती. मनोरमाबाईंनीं १९१३ च्या सुमारास निजामाच्या राज्यांत गुलबर्ग्यास मुलींची शाळा काढली. केडगांवाहून तिकडे जाण्याची वाट आपल्या सोलापूर स्टेशनावरूनच जाते. १९१९ त सरकारनें रमाबाईंस कैसर-इ-हिंद पदक दिलें. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई वारल्या. वयाच्या चाळिसाव्या वर्षीं गेलेल्या या लेकीवर संस्थेचा सगळा भार टाकावयाचा बेत होता. आईनें तोही घाव सोसला आणि पुन्हां मुद्रितें तपासावयास घेतलीं. तें काम हातावेगळें होत आलें असतां ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं केडगांवींच देह ठेविला.

तो ग्रंथ १९२४ त पुरा छापून निघाला. मुक्तीच्याच छापखान्यांत तो छापला, आणि त्याचे खिळे जुळविणाऱ्या बहुतेक दुष्काळांत आलेल्या मुली होत्या.